शस्त्रप्रसार रोखण्याची नवी साधनं आणि आपल्या हिंगणा-बुटीबोरीतले कारखाने

हिंगणारोड

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण आपल्या नागपूरशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून धागा काढतोय.

हिंगणा एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं काम आहे. व्हॉल्व्हच्या बॉड्या, फ्लँज, पंपाचे शाफ्ट. थोडी निर्यातही होते. गेल्या पावसाळ्यात आखातातल्या एका व्यापाऱ्याची चौकशी आली. जास्त निकेल असलेल्या मिश्रधातूचे, बेलोज सीलचे व्हॉल्व्ह हवे होते. आम्ही दर सांगितला, त्याने घासाघीस न करता मान्य केला. पूर्ण रक्कम आगाऊ द्यायचीही तयारी. कुठल्या प्लांटमध्ये बसणार, आतून कोणतं रसायन जाणार, दाब-तापमान किती, असं विचारलं की उत्तर एकच: ड्रॉइंगप्रमाणे बनवून द्या. व्हॉल्व्हमधून काय वाहणार हे गिऱ्हाईक सांगत नाही, असं आमच्या धंद्यात होत नाही. आम्ही अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागितलं आणि पत्रव्यवहार तिथेच थांबला.

माणूस सरळही असेल. पण असे व्हॉल्व्ह नियंत्रित मालाच्या यादीत असतात. खत आणि औषध कारखान्यात जी आम्लं साधं पोलाद खाऊन टाकतात, तशीच आम्लं नर्व्ह एजंट, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणारं रासायनिक शस्त्र, बनवतानाही हाताळावी लागतात. माल तोच, वापर वेगळा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतात अशा दुहेरी वापराच्या मालाची यादी आहे, तिला स्कोमेट म्हणतात. रसायनं, सूक्ष्मजीव, साहित्य, यंत्रं, तंत्रज्ञान सगळं तीत येतं. परवाना मुख्यतः परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी देतं. अणुविषयक मालाचा अणुऊर्जा विभाग. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ एप्रिल २००४ ला ठराव १५४० मंजूर केला आणि दहशतवादी गटांच्या हाती महासंहारक शस्त्रं जाऊ नयेत म्हणून प्रत्येक देशाने कायदा करावा असं बंधन घातलं. आपला कायदा २००५ मध्ये आला. त्यात आणि परकीय व्यापार कायद्यात मिळून एक महत्त्वाची तरतूद आहे: वस्तू यादीत नसली, तरी ती अशा शस्त्रासाठी जाणार हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा तसं मानायला जागा असेल, तर ती पाठवता येत नाही.

आता माझं म्हणणं. उपग्रह, सेन्सर, एआय यांची चर्चा खूप होते आणि ती व्हायलाच हवी. पण शस्त्राचा माल साध्या मालातून वेगळा ओळखण्याची पहिली संधी कोटेशन देणाऱ्या माणसाला मिळते. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' नावाचं जहाज इटलीच्या तारांतो बंदराकडे वळवलं गेलं आणि त्यात लिबियाला चाललेले युरेनियम समृद्धीकरणाच्या सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. अणुतंत्रज्ञान चोरून विकणारे पाकिस्तानी शास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या जाळ्याचा पाडाव तिथून सुरू झाला. ते भाग मलेशियातल्या एका मशीनिंग कारखान्यात बनले होते आणि हे तेल-वायू उद्योगाचं काम आहे असं आम्हाला वाटलं, असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. म्हणजे आमच्यासारखंच दुकान. हे वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही.

तर प्रश्न असा, की नवं तंत्रज्ञान आणि नवी धोरणं आमच्यासारख्या लहान कारखान्याच्या टेबलापर्यंत कशी पोहोचतील? जाणकारांनी लिहावं.

धरमपेठची_मेघा

महत्त्वाचा धागा. वाचतेय.

निवृत्त_सीमाशुल्क

हिंगणारोड, तुम्ही प्रमाणपत्र मागितलंत हे फार चांगलं केलंत. मी सीमाशुल्क खात्यात आयुष्य काढलं, शेवटची काही वर्षं नागपुरातच. दुसऱ्या टोकाकडून कसं दिसतं ते सांगतो.

जून १९९९, कारगिल चालू होतं. उत्तर कोरियाचं 'कु वोल सान' हे जहाज कांडला बंदरात आलं. कागदोपत्री पाणी शुद्ध करण्याची यंत्रं. उघडून पाहिलं तर क्षेपणास्त्राचे सुटे भाग आणि आराखडे. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा कांडला, चीनहून कराचीच्या पोर्ट कासिमला निघालेलं 'डा कुई युन'. जाहीर केलेला माल 'औद्योगिक ड्रायर', निघाला मोठा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब आणि उष्णता देणारी बंद भट्टी. असा ऑटोक्लेव्ह विमानाच्या आणि पवनचक्कीच्या पात्यांसाठी लागतो, तसाच क्षेपणास्त्राच्या मोटारीच्या आवरणासाठीही. तो नेमका कशासाठी आहे हे सांगायला डीआरडीओचे तज्ज्ञ बोलवावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये न्हावा-शेवाला 'सीएमए सीजीएम अटिला' थांबवलं. त्यात इटालियन बनावटीचं सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं मशीनिंगचं, यंत्र होतं, चीनमधून पाकिस्तानात चाललेलं. कागदांवरचा पाठवणारा-घेणारा आणि खरा पाठवणारा-घेणारा वेगळे, असं तपासात पुढे आलं. हे खासगी कंपनीचं साधं लेथ यंत्र आहे, असं पाकिस्तानने सांगितलं.

तिन्ही वेळा कागद खोटा किंवा अर्धवट होता आणि तिन्ही वेळा कुणीतरी आधी खबर दिली होती किंवा कुणाच्या तरी नजरेला विसंगती दिसली होती. नागपूरच्या कंटेनर डेपोतून निघणारा प्रत्येक डबा उघडायचा म्हटलं तर विदर्भाची संत्री तिथेच सडतील. म्हणून जोखमीवर आधारित निवड होते. संगणक पाहतो की ही कंपनी कधीपासून निर्यात करते, हा माल याआधी या देशाला गेला होता का, वजन आणि किंमत जुळते का, शेवटचा पत्ता एखाद्या मालवाहतूक एजंटाचंच ऑफिस आहे का. आता त्यात व्यापाराच्या आकडेवारीचं विश्लेषणही आलंय. कोळंबी विकणारी कंपनी अचानक कार्बन फायबर मागवू लागली, तर यंत्रणा बोट दाखवते.

अडचण मुळात आहे. सीमाशुल्काचा एचएस कोड मालाचं वर्गीकरण कर आणि व्यापारासाठी करतो. स्कोमेटचं वर्गीकरण क्षमतेवर असतं: किती अचूक, किती दाब सहन करणारं, कोणत्या धातूचं. एकाच एचएस कोडखाली हजार व्हॉल्व्ह निरुपद्रवी आणि एक नियंत्रित. संगणकाला तो फरक दिसत नाही, कारण शिपिंग बिलावर लिहिलेलं असतं फक्त 'व्हॉल्व्ह'. तो फरक बनवणाऱ्यालाच माहीत असतो. त्यामुळे धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा.

सक्करदरा७४

माहिती उत्तम, पण एक बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो.

हे सगळे नियम कुणी केले? १९६८ चा अण्वस्त्र प्रसारबंदी करार म्हणतो, १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. त्या पाचांनी निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटी करायच्या असं त्याच करारात लिहिलंय. त्याचं काय झालं? आपण १८ मे १९७४ ला पोखरणला चाचणी केली आणि अणुपुरवठादार गट जन्माला आला, तो आपल्यासाठीच. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉसवर निर्बंध घातले. कारण काय, तर क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान. ज्या इंजिनात इंधन भरायलाच तासन् तास जातात ते क्षेपणास्त्रात कोण वापरणार? रशियाने तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, आपली वर्षं गेली.

म्हणून मला भीती वाटते. उद्या ही नवी साधनं, उपग्रह, चिपवरचं नियंत्रण, व्यापाराची आकडेवारी, पुन्हा त्याच काही राजधान्यांच्या हातात असतील. हिंगण्याच्या माणसाने प्रामाणिकपणे फॉर्म भरायचे आणि मोठ्यांनी शस्त्रं विकायची. हे मी कडवटपणे लिहीत नाही, मला हे खरोखर खुपतं.

हिंगणारोड

सक्करदरा, १९९२ चा राग मलाही आहे. पण आज स्थिती वेगळी आहे. जून २०१६ मध्ये आपण क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत गेलो, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत (शस्त्रं आणि दुहेरी वापराचा माल), जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात (रसायनं आणि सूक्ष्मजीव). निर्यात नियंत्रणाच्या या चार गटांपैकी फक्त अणुपुरवठादार गट बाकी आहे, आणि तिथेही २००८ मध्ये आपल्याला सूट मिळाली. यादीत काय असावं हे ठरवणाऱ्या तीन टेबलांवर आता आपला माणूस बसतो. कांडल्याची तिन्ही… म्हणजे वर दिलेली तिन्ही जहाजं पाकिस्तानच्या दिशेने होती, हेही लक्षात घ्या. उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र इस्लामाबादला पोहोचलं तर मोजणी आपल्याच माणसांची होणार आहे. नियम अन्यायाने बनले असतील, तरी तो अन्याय दूर करायची जागा नियम बनवण्याच्या बैठकीत आहे. माझ्या कोटेशनमध्ये मी डोळे मिटून तो दूर होणार नाही.

सक्करदरा७४

हे मान्य. पण निःशस्त्रीकरणाचा प्रश्न कुणी विसरू नये, एवढंच.

सेमिनरीहिल्स_फिजिक्स

भौतिकशास्त्र शिकवतो. तंत्रज्ञानाच्या बाजूबद्दल लिहितो, जरा लांब होईल.

लपवणं किती अवघड झालंय हे आधी सांगतो. चाचणीबंदी करार १९९६ चा आहे. तो अजून अंमलात आलेला नाही, आपणही सही केलेली नाही. पण त्याचं निरीक्षणाचं जाळं चालू आहे. एकूण ३३७ केंद्रांची योजना: १७० भूकंपमापक, ११ समुद्रातले ध्वनिमापक, ६० इन्फ्रासाउंड (कानाला न ऐकू येणारे खोल आवाज टिपणारी), ८० किरणोत्सर्ग मोजणारी आणि १६ प्रयोगशाळा. भूकंपलहरींवरून स्फोट झाला हे मिनिटांत कळतं. तो अणुस्फोटच होता का, हे हवेतल्या झेनॉन वायूच्या समस्थानिकांवरून ठरतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर कोरियाने भूमिगत चाचणी केली. डोंगर घट्ट बंद होता, सुरुवातीला काही बाहेर आलं नाही. पण ५५ दिवसांनी जपानच्या ताकासाकी केंद्रावर झेनॉन सापडला. झेनॉन-१३३ चं अर्धायुष्य साधारण सव्वापाच दिवसांचं. म्हणजे मूळ प्रमाणाचा अगदी नगण्य अंश उरला होता आणि तोही पकडला गेला. दोन समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून तो केव्हा तयार झाला याचाही अंदाज आला.

दुसरं साधन दिसायला अगदी साधं: सुती कापडाचा तुकडा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक भिंती, टेबलं, पाइप या कापडाने पुसतात आणि नमुना ऑस्ट्रियातल्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेकडे जातो. तिथे एकेका सूक्ष्म कणातलं युरेनियम-२३५ चं प्रमाण मोजतात. २००३ मध्ये तेहरानच्या कलाये इलेक्ट्रिक कंपनीच्या इमारतीत निरीक्षकांना प्रवेश मिळायला महिने लागले. तोवर आतून बरीच दुरुस्ती आणि रंगरंगोटी झाली होती. तरीही समृद्ध युरेनियमचे कण सापडले.

तिसरं, आकाशातून. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. खासगी कंपन्या रोज जवळपास सगळ्या जमिनीचं ३ मीटरच्या आसपास तपशिलाचं चित्र काढतात. २०२१ च्या मध्यावर चीनच्या गान्सू प्रांतातल्या युमेनजवळ क्षेपणास्त्रं डागण्याची सुमारे १२० भुयारी विवरं (सायलो) बांधली जात आहेत, हे अमेरिकेतल्या मिडलबरी इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी अशाच व्यावसायिक चित्रांवरून जगासमोर आणलं. ते सरकारी गुप्तहेर नव्हते, विद्यापीठातले लोक होते. सक्करदरा यांच्या भीतीवर हे निदान अर्धं उत्तर आहे. पाहण्याची ताकद आता फक्त राजधान्यांकडे राहिलेली नाही. उद्या आपल्या विद्यापीठातला विद्यार्थीही हे करू शकतो, आणि मला वाटतं त्याने करावं.

आता मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट. समजा दोन देशांनी ठरवलं की अमुक इतकी अण्वस्त्रं मोडायची. समोरचा देश जे मोडतोय ते खरंच अण्वस्त्र आहे की आत लोखंड भरलेला डबा, हे निरीक्षकाने कसं ठरवायचं? आत पाहू दिलं तर रचना उघड होते, जी स्वतःच प्रसार आहे. न पाहू दिलं तर विश्वास नाही. २०१४ मध्ये ग्लेझर, बराक आणि गोल्डस्टन या तिघांनी 'नेचर'मध्ये एक पद्धत मांडली. एका खात्रीच्या अण्वस्त्रातून न्यूट्रॉन सोडले तर पडद्यावर जी प्रतिमा उमटेल, तिची बरोबर उलटी प्रतिमा शोधकांमध्ये, म्हणजे न्यूट्रॉन मोजणाऱ्या डिटेक्टरमध्ये, आधीच भरून ठेवायची. ती भरणार यजमान देश. मग तपासायच्या अण्वस्त्रातून न्यूट्रॉन सोडायचे. ते खरं असेल तर दोन्ही मिळून सगळीकडे एकसारखी मोजणी येते, आणि त्या सपाट मोजणीतून रचनेबद्दल काहीच कळत नाही. नकली असेल तर डाग दिसतो. यजमान आधीच चलाखी करू शकतो, म्हणून कोणता डिटेक्टर कोणत्या अण्वस्त्रासमोर ठेवायचा हे निरीक्षक ऐनवेळी निवडतो. गुपित न उघडता खात्री पटवायची, हा पुराव्याचा प्रकार गणितात १९८० च्या दशकापासून आहे. तो निःशस्त्रीकरणाच्या कामी येईल असं फार कमी लोकांना वाटलं असेल.

मर्यादाही सांगतो. जून २०२२ मध्ये इराणने अणुऊर्जा संस्थेचे २७ कॅमेरे काढले. कॅमेरे उत्तम होते, सीलही उत्तम. पण यजमानाने काढायचं ठरवलं की त्या काळात सेंट्रिफ्यूजचे किती भाग बनले याची सलग नोंद तुटते, आणि ती पुन्हा जुळवणं फार कठीण जातं.

धरमपेठची_मेघा

सर, ते उलट्या प्रतिमेचं दोनदा वाचलं तेव्हा समजलं. हे प्रत्यक्षात वापरलंय का कुठे?

सेमिनरीहिल्स_फिजिक्स

प्रयोगशाळेत साध्या वस्तूंवर तत्त्व सिद्ध झालंय. खऱ्या करारात अजून नाही, कारण तसा करारच नाही.

बुटीबोरी_केमिस्ट

नागपूरच्या एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेचा जुना विद्यार्थी, रसायन व्यापारात आहे. अणूबद्दल सगळे बोलतात, माझी काळजी रसायनांची आहे.

थायोडायग्लायकॉल घ्या. बॉलपेनच्या शाईत आणि कापड रंगवायला वापरतात. मस्टर्ड वायूही त्याच्यापासून एका पायरीवर. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत ते आहे. ट्रायइथेनॉलअमाइन तर क्रीम-शाम्पूपासून सिमेंटच्या मिश्रणापर्यंत सगळीकडे, तेही तिसऱ्या अनुसूचीत. हा करार १९९७ ला अंमलात आला, १९३ देश सदस्य आहेत. आपण स्वतःचा साठा जाहीर केला आणि २००९ मध्ये नष्ट करून संपवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने शेवटचा साठा संपवला आणि जगातले सगळे जाहीर साठे नष्ट झाले. एका पिढीत हे झालं. म्हणून 'काही होत नाही' असं कुणी म्हटलं की मी हे सांगतो. आणि लगेच सीरियाही आठवतो, जिथे सदस्य झाल्यावरही हल्ले झाले.

पण अनुसूचीची पद्धत नावांवर चालते आणि इथेच नवं तंत्रज्ञान डोकं चक्रावून टाकतं. २०२२ मध्ये औषध शोधणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की विषारीपणा टाळायला बनवलेलं एआय मॉडेल त्यांनी उलट दिशेने चालवलं. ६ तासांच्या आत ४०,००० रेणू सुचवले गेले. त्यात व्हीएक्स हा नर्व्ह एजंट होता, आणि कुठल्याही यादीत नसलेले अनेक. रेणू सुचणं आणि तो बनवणं यात मोठं अंतर आहे हे मी केमिस्ट म्हणून ठामपणे सांगतो. बनवायला कच्चा माल लागतो, भांडी लागतात, हात लागतात. म्हणूनच कच्च्या मालावरची नजर आणखी महत्त्वाची झाली आहे.

जैविक बाजू तर जास्तच उघडी आहे. १९७५ ला अंमलात आलेल्या जैविक शस्त्रबंदी करारात तपासणीची व्यवस्थाच नाही. कृत्रिम डीएनए बनवून देणाऱ्या मोठ्या कंपन्या २००९ पासून आपसांत ठरवून ऑर्डर तपासतात, मागवलेला क्रम एखाद्या घातक रोगजंतूशी जुळतो का आणि मागवणारा कोण आहे ते पाहतात. पण ते ऐच्छिक आहे. न तपासणाऱ्याचा माल स्वस्त पडतो. माझं मत स्पष्ट आहे, ही तपासणी कायद्याने सक्तीची व्हावी आणि भारताने त्यात पुढाकार घ्यावा. आपल्याकडे जैवतंत्रज्ञानाचा धंदा वाढतोय, आता केलं तर सोपं जाईल.

उमरेडवाला

भाऊ, तुमी सगळे अणू-रसायन बोलून राहिले, मी खाणीतलं सांगतो. कोळसा खाणीत ब्लास्टिंगच्या कामात हावो. आमच्या भागात माणूस मरते ते अणुबॉम्बनं नाही, चोरलेल्या डिटोनेटरनं मरते. गडचिरोलीत रस्त्याखाली सुरुंग लावले, जवान गेले, तेव्हा तो माल आला कुठून? बराचसा असाच, खाणी-खदानीतून पळवलेला.

आणि याच्यावर लगाम लावणारं मुख्य ऑफिस आपल्या सेमिनरी हिल्सला हाय, पेसो. किती नागपूरकरायले माहीत हाय? पूर्ण देशाच्या स्फोटकांचे परवाने तिथून चालतात. अमोनियम नायट्रेटचे नियम २०१२ मधी आले. ४५ टक्क्यांच्या वर अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण स्फोटक धरतात. बैरूतला ४ ऑगस्ट २०२० ला २,७५० टन माल गोदामात पडून होता, काय झालं ते जगानं पाहिलं. त्याच्यानंतर आपले नियम आणखी कडक झाले, बंदरावर माल साठवून ठेवायचा नाही असं ठरलं.

मोठा बदल म्हणजे इलेक्ट्रिक डिटोनेटर १ एप्रिल २०२५ पासून बंद. दोन वायरी बॅटरीले लावल्या की उडते, असा तो माल होता. आता इलेक्ट्रॉनिक. प्रत्येकात चिप, प्रत्येकाचा आपला नंबर, आणि त्याच्या यंत्रातून कोड गेल्याबिगर उडतच नाही. चोरून नेला तरी सेलनं काम होत नाही. महाग पडते, पहिले आमीही कुरकुर केली. पण ब्लास्टही नेमका होते, दगड एकसारखा फुटते, बाजूच्या गावाले हादरे कमी. सुरक्षा आणि कामाचा फायदा एकाच वस्तूत असला तर माणूस नियम मनापासून पाळते. हे धोरण करणाऱ्यानं लक्षात ठेवलं पाहिजे राजेहो.

निवृत्त_सीमाशुल्क

उमरेडवाला, तुमचा मुद्दा सोन्यासारखा आहे. हीच युक्ती मशीन टूलमध्ये आली आहे. काही उत्पादक आपल्या पाच अक्षांच्या सीएनसी यंत्रात जागा बदलल्याची जाणीव करणारं उपकरण बसवतात. यंत्र हलवलं की ते कुलूपबंद होतं आणि कंपनीचा माणूस येऊन खात्री केल्याशिवाय चालू होत नाही. एकदा विकलेलं यंत्र तिसऱ्या देशात गेलं तर कागदावरचं वचन काही करू शकत नाही, हे कुलूप करू शकतं. एआय चिपबद्दलही हेच चाललंय. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिपच्या निर्यातीवर बंधनं आणली, आणि चिपनेच आपली जागा कळवावी असं विधेयक तिथे २०२५ मध्ये मांडलं गेलं.

सक्करदरा७४

आणि त्या कुलपाची किल्ली उत्पादकाच्या देशात. उद्या वाद झाला तर आपल्या कारखान्यातलं यंत्र बंद. उमरेडच्या डिटोनेटरचा कोड आपल्या हातात आहे, म्हणून ते मला पटतं. सीएनसीचं पटत नाही.

निवृत्त_सीमाशुल्क

ही शंका रास्त आहे. माझ्याकडे त्याला उत्तर एकच, अशी यंत्रं आपण स्वतः बनवायला हवीत.

रामदासपेठ_सीए

मी बँकेत व्यापार वित्त पाहायचे, आता स्वतंत्र काम करते. पैशाची बाजू राहिलीच आहे.

२०२२ मध्ये २००५ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. अशा शस्त्रांच्या कामाला पैसा पुरवणं हाही आता गुन्हा आहे आणि सरकार त्यासाठी मालमत्ता गोठवू शकतं. एफएटीएफ या पैशाच्या गैरवापरावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सातवी शिफारस याचबद्दल आहे. चांगली गोष्ट. पण बँकेच्या टेबलावर लेटर ऑफ क्रेडिट येतं तेव्हा त्यावर 'औद्योगिक ड्रायर' एवढंच असतं. बँकेचं सॉफ्टवेअर नावं जुळवतं, म्हणजे खरेदीदाराचं नाव निर्बंधांच्या यादीत आहे का. ज्याने काल दुबईत नवी कंपनी काढली त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आणि एखाद्या सज्जन अली किंवा किमच्या नावावर यंत्रणा अडून बसते, त्याचं पेमेंट आठवडाभर लटकतं.

खरी चिन्हं वेगळी असतात आणि ती हिंगणारोड यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलीत. आगाऊ पूर्ण पैसे. घासाघीस नाही. वापर सांगत नाही. त्यात मी भर घालते: इन्स्टॉलेशन नको, प्रशिक्षण नको, वॉरंटीत रस नाही, पैसे तिसऱ्याच देशातल्या तिसऱ्याच खात्यातून. यातलं अर्धं बँकेला दिसतं, अर्धं विक्रेत्याला. दोन्ही अर्धी एकत्र येण्याची सोय आज नाही. मला विचाराल तर नवं तंत्रज्ञान इथे लावा. गिऱ्हाइकाची गुप्तता न मोडता बँका आणि सीमाशुल्क यांना आपापल्या शंका ताडून पाहता येतील अशी व्यवस्था बनवता येते, फिजिक्सच्या सरांनी सांगितलेल्या पुराव्याच्या पद्धती त्यालाही लागू होतात.

आणि एक कळकळीने. नियमांचा भार लहान कारखान्यांवर येतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांकडे निर्यात नियंत्रणासाठी स्वतंत्र माणूस असतो. हिंगण्यात मालकच विक्री पाहतो, मालकच डिस्पॅच. स्कोमेटची यादी इंग्रजी आणि हिंदी सरकारी भाषेत वाचून त्याने काय समजायचं? डीजीएफटीचं कार्यालय नागपुरात आहे. त्यांनी आणि औद्योगिक संघटनांनी मिळून व्हॉल्व्ह, पंप, सीएनसी, कार्बन फायबर, रसायनं अशा आपल्याकडे बनणाऱ्या मालापुरती मराठी पुस्तिका काढावी. वीस पानांत होईल.

मिहानकर

ड्रोनचं काम करणाऱ्या स्टार्टअपमध्ये आहे. आमच्यासाठी नियम थोडा सुटसुटीत झालाय. जून २०२३ पासून २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार असलेल्या नागरी ड्रोनसाठी एक सर्वसाधारण परवाना मिळतो, दर वेळी नवा अर्ज नको. शेतीच्या फवारणीचा ड्रोन आणि शस्त्राचा ड्रोन यांत रेषा कुठे ओढायची हे कठीण आहे, पण निदान आकड्यात रेषा आहे. नागास्त्र-१, म्हणजे लक्ष्यावर आदळून फुटणारा ड्रोन, नागपुरातच बनतं, त्यामुळे इथल्या पुरवठादारांना हा विषय टाळता येणार नाही.

दोन प्रश्न. एक, आम्ही सेझमध्ये आहोत. हिंगण्याहून आम्हाला स्कोमेटचा भाग आला तर परवाना लागतो का? दोन, हिंगणारोड देशातल्याच व्यापाऱ्याला विकतात आणि तो बाहेर पाठवतो, तेव्हा जबाबदारी कुणाची?

निवृत्त_सीमाशुल्क

देशांतर्गत भागातून सेझला द्यायला स्कोमेट परवाना लागत नाही. सेझमधून देशाबाहेर पाठवताना लागतो. तो भाग नियंत्रित आहे याची नोंद बिलावर ठेवा, नाहीतर तुमच्याकडे आल्यावर तो 'ब्रॅकेट' होऊन जातो आणि पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

दुसऱ्यात, परवाना काढायची जबाबदारी निर्यात करणाऱ्याची. पण माल कशासाठी जाणार हे जाणून विकलं, तर देशातल्या विक्रीनेही सुटका होत नाही, २००५ चा कायदा तिथेही पोहोचतो. जुन्या यंत्रांचंही तसंच. तुमचं वापरलेलं पाच अक्षांचं यंत्र भंगारवाल्याला नाही, दलालाला विकताय, तर तो ते कुठे नेतोय ते विचारा आणि लेखी घ्या. अचूकतेची मर्यादा ओलांडणारं यंत्र जुनं झालं म्हणून यादीतून सुटत नाही.

हिंगणारोड

हे जुन्या यंत्राचं फार उपयोगी पडलं, आमच्या शेजारच्या गाळ्यात एक यंत्र विक्रीला निघालंय, त्यांना आजच सांगतो.

रामदासपेठ ताई, पुस्तिकेचं मी मनावर घेतलंय. व्हॉल्व्ह आणि पंपाचा भाग मी लिहितो: कोणता मिश्रधातू, कोणतं सील, किती व्यासाच्या वरचा. केमिस्ट भाऊंनी रसायनं घ्यावीत. वर्गीकरण निवृत्त साहेबांनी तपासावं. कच्चा मजकूर इथेच टाकू, मग डीजीएफटीच्या कार्यालयात घेऊन जाऊ. आणि आजपासून आमच्या कोटेशनच्या नमुन्यात दोन ओळी वाढल्या आहेत. अंतिम वापरकर्ता कोण, आणि माल कुठे बसणार. उत्तर आल्याशिवाय दर जाणार नाही.

बुटीबोरी_केमिस्ट

रसायनं घेतली. अनुसूचीतल्या प्रत्येक नावापुढे बाजारात चालणारं नाव आणि सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक) दोन्ही टाकतो, कारण ड्रमवर अनुसूचीतलं नाव कधीच नसतं.